आभाळातून उतरणारी पलटण
(प्रस्तावना)

बंगळुरूचा जुना कँटोन्मेंट भाग आता शहराच्या ऐन मध्यात आला आहे. जे. सी. नगरच्या बाजूला रस्ते वाहनांनी तुंबलेले असतात, दुकानांची आणि शाळा सुटल्याची गर्दी असते. याच भागात पॅराशूट रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आहे. १९९२ साली ते आग्र्याहून इथे आले. छत्रीधारी पलटणीत जाऊ इच्छिणारा तरुण इथे रंगरूट म्हणून दाखल होतो, उस्तादांच्या हाताखाली महिनोन्‌महिने घाम गाळतो आणि कसम परेडनंतर सैनिक म्हणून बाहेर पडतो.

बंगळुरूला लष्कराचे अप्रूप नाही. मद्रास सॅपर्स याच शहरातले. आर्मी सर्व्हिस कोअर, लष्करी पोलीस आणि वायुदलाची प्रशिक्षण कमांड यांचीही घरे इथेच. तरीही मराठी वाचकाने या एका केंद्रापाशी थोडे थांबावे असे वाटते. १५ एप्रिल १९५२ रोजी पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्यात तीन पलटणी होत्या. पंजाब रेजिमेंटची पहिली पलटण १ पॅरा झाली, कुमाऊँची पहिली ३ पॅरा झाली आणि मधली, २ पॅरा, ही मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती. पुढे आणखी एक मराठा पलटण याच मार्गाने गेली. तिचे नाव आज २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस).

हा वारसा आपला असूनही आपल्या बोलण्यात तो फारसा येत नाही. पराक्रमाची आठवण निघाली की आपण गडकिल्ल्यांवर जातो, तिथून थेट चित्रपटातल्या कमांडोवर उतरतो, आणि मधली सव्वादोनशे वर्षे तशीच राहून जातात. ती वर्षे भरून काढणे हे पुढच्या पानांचे काम आहे. या दलाचा मान राखायचा तर आधी ते नीट ओळखले पाहिजे: कोण होते, कुठे लढले, काय साधले, काय गमावले. ही ओळख नसेल तर जयजयकार कितीही मोठा असो, तो पोकळच राहतो.

या दलाची पहिली खूण म्हणजे इथे कुणालाही हुकुमाने पाठवले जात नाही. सैन्यात शिरणे ही एक स्वेच्छा. छत्रीधारी होणे ही तिच्यावरची दुसरी. अधिकारी असो वा जवान, त्याने स्वतः नाव द्यावे लागते आणि मग परिवीक्षेच्या काळात त्याची कसून पारख होते. पाठीवर ओझे घेऊन लांबच लांब दौडी, अपुरी झोप, अपुरे अन्न, आणि या सगळ्यात डोके ठिकाणावर आहे का याची परीक्षा. अनेक जण परत जातात, आणि परत जाण्यात कमीपणा मानला जात नाही. जो टिकतो त्याला मरून रंगाची बॅरे मिळते. स्पेशल फोर्सेसमध्ये गेलेल्याच्या छातीवर आणखी एक बिल्ला येतो, त्यावर देवनागरीत एकच शब्द असतो: बलिदान.

उडीचे शिक्षण मात्र बंगळुरूत होत नाही. त्यासाठी आग्र्याला वायुदलाच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये जावे लागते. तिथे आधी जमिनीवरच शिकवतात. पाय आणि गुडघे जुळवून कसे पडायचे, पडताक्षणी अंग कसे लोळवायचे, वारा छत्रीला ओढू लागला तर काय करायचे, हे शरीराच्या अंगवळणी पडेपर्यंत घोटून घेतले जाते. मग पाच उड्या, त्यांतली एक रात्रीची. त्या पुऱ्या झाल्या की छातीवर पंख चढतात.

एक उडी जरा जवळून पाहू. विमानात दोन्ही बाजूंना सैनिक बसलेले असतात. मुख्य छत्री पाठीवर, राखीव छत्री छातीवर, शिवाय शस्त्र आणि सामान. इंजिनाच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही, म्हणून हुकूम हाताच्या खुणांनी होतात. सगळे उठतात आणि आपापल्या छत्रीची स्टॅटिक लाइन, म्हणजे एक मजबूत पट्टा, डोक्यावरच्या तारेला अडकवतात. मग प्रत्येक जण पुढच्याची पाठ तपासतो. छत्री पाठीवर असल्याने ती स्वतःला दिसतच नाही. ती नीट आहे हे मागचा सांगतो आणि त्याच्या शब्दावर पुढचा दारातून बाहेर पडतो. लाल दिव्याचा हिरवा होतो. स्टॅटिक लाइनच्या ओढीने छत्री उघडायला काही सेकंद लागतात, आणि त्या सेकंदांत सैनिकाचा जीव ज्याच्या हाती असतो तो माणूस विमानात नसतोच. कधीतरी आधी, लांबलचक टेबलावर, ते कापड घडीवर घडी घालून, दोऱ्या एकेक करून लावून, ज्याने ती छत्री बांधली त्याच्या कामावर सगळे अवलंबून असते. या दलाच्या शौर्याबद्दल बोलताना हा न दिसणारा हात विसरता कामा नये. उडी एकट्याची दिसते. तिच्यामागे पुष्कळांचे चोख काम असते.

आता थोडे मागे जाऊ. आजची २ पॅरा ही मूळ १७९७ साली मुंबई इलाख्याच्या फौजेत उभी राहिलेली पलटण. पहिल्या महायुद्धात ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री या नावाने ती मेसोपोटेमियात होती आणि कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकली. एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीमुळे वेढ्यातल्या फौजेला शरण जावे लागले. शरणागतीनंतरच्या कैदेत किती घरांचे कर्ते गेले याचे दुःख कोकणात आणि देशावर पुढे कितीतरी वर्षे पुरले. १९२२ च्या फेररचनेत ती पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण झाली. मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात याच पलटणीने ‘फ्लॅट टॉप’ नावाची टेकडी घेतली.

याच पलटणीतले नाईक यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले सारे मेले किंवा जखमी झाले. उभे राहिले एकटे घाडगे. त्यांनी मशीनगनच्या मोर्चावर धाव घेतली, हातगोळा टाकून मशीनगन आणि ती चालवणारा गप्प केला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना आडवे केले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले. परक्या गावाने जवळपास ऐंशी वर्षांनी आठवण ठेवली, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

महायुद्धानंतर ही पलटण छत्रीधारी झाली. काश्मीरच्या पहिल्या युद्धात ती ५० पॅराशूट ब्रिगेडमध्ये होती आणि ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान. डिसेंबर १९४७ मध्ये झंगड हे ठाणे हातचे गेले. ते परत घेईपर्यंत पलंगावर झोपणार नाही, अशी उस्मान यांनी प्रतिज्ञा केली आणि ऐन थंडीत ते जमिनीवर चटई टाकून झोपत राहिले. १८ मार्च १९४८ रोजी झंगड परत मिळाले. त्या लढाईत तिसरी मराठा पलटण होती आणि ‘झंगड’ हा रणसन्मान तिच्या नावावर आहे. ३ जुलै १९४८ रोजी तोफगोळ्याने उस्मान यांचा अंत झाला. त्यांना महावीर चक्र देण्यात आले. मुसलमान सेनानी आणि त्याच्या शब्दावर डोंगर चढणारे मराठे, हे चित्र त्या वर्षीच्या रक्ताळलेल्या हिंदुस्थानात उभे राहिले, याचे मोल पदकापेक्षा मोठे आहे.

पन्नासाव्या ब्रिगेडचा इतिहास याच्याही आधीचा. १९४१ साली दिल्लीत ती उभी राहिली. मार्च १९४४ मध्ये जपानी फौज इंफाळ आणि कोहिमाकडे निघाली तेव्हा मणिपूरच्या डोंगरातल्या सांगशाक गावी या ब्रिगेडला पाय रोवावे लागले. तिच्याबरोबर पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटणही होती. ती छत्रीधारी नव्हती, पण त्या टेकडीवर खांद्याला खांदा लावून लढली. काटेरी तार नाही, पुरेसे पाणी नाही, खणायला गेले तर हातभर मातीखाली खडक. विमानांतून टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्या बाजूला पडे. अशा जागी त्यांनी २६ मार्चच्या रात्रीपर्यंत जपान्यांना अडवून धरले. मेलेल्या एका जपानी अधिकाऱ्याकडे नकाशा सापडला, त्यावर कोहिमाकडे जाणाऱ्या संपूर्ण डिव्हिजनचा बेत होता. त्याच्या प्रती घेऊन अधिकारी शत्रूच्या कड्यातून इंफाळला पोहोचले. सांगशाक अखेर सोडावे लागले, पण तिथे मिळालेले दिवस कोहिमाच्या बचावाला उपयोगी पडले. विजयाच्या यादीत न बसणाऱ्या अशा लढायाच पुष्कळदा युद्धाचा निकाल घडवतात.

आणि छत्रीधाऱ्यांचे काम नेहमी मारण्याचेच असते असेही नाही. १९४१ साली छत्रीने उडी घेणारे पहिले भारतीय दोघे: हवालदार मेजर मथुरा सिंग आणि लेफ्टनंट ए. जी. रंगराज. रंगराज डॉक्टर होते. कोरियाचे युद्ध पेटले तेव्हा भारताने तिथे लढाऊ पलटण धाडली नाही. धाडली ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स, आणि तिचे प्रमुख होते रंगराज. डिसेंबर १९५० मध्ये चिनी फौजेच्या रेट्यापुढे प्याँगयांगमधून माघार सुरू झाली. वाहने नव्हती, आणि दवाखान्याचे सामान तिथेच सोडावे लागणार असे दिसत होते. या मंडळींनी एक इंजिन आणि काही डबे शोधून काढले, सामान भरले आणि गाडी स्वतःच हाकत दक्षिणेला आणली. सामान वाचले, म्हणून पुढचे रुग्ण वाचले. मार्च १९५१ मध्ये मुनसानला अमेरिकी छत्रीधाऱ्यांबरोबर यांच्यातल्या १२ जणांनी उडी घेतली आणि उतरताच जखमींवर उपचार सुरू केले. १९५४ पर्यंत ही तुकडी कोरियात राबली. रंगराज यांना महावीर चक्र मिळाले. लढण्याइतकेच शुश्रूषेलाही शौर्य लागते, याचा हा पुरावा आहे.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल तो प्रसंग ११ डिसेंबर १९७१ चा. त्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, टांगाइलजवळ, २ पॅराची सातशेवर माणसे उतरली. पलटणीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू. काम नेमके होते: लोहाजंग नदीवरचा पूंगली पूल घ्यायचा आणि मैमनसिंग-जमालपूरकडून ढाक्याकडे मागे हटणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडचा रस्ता तोडायचा. काही सामान तळ्यांत पडले. गावकरी धावून आले, त्यांनी ओझी खांद्यावर घेतली. कादर सिद्दिकी यांचे मुक्तियोद्धे आधीपासून त्या मुलखात होते. त्याच रात्री पूल हाती आला, आणि अंधारात पुलाकडे आलेल्या पाकिस्तानी तुकड्यांना तिथे अडवले गेले. या उडीच्या बातमीबरोबर आग्र्यातल्या एका मोठ्या सरावाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि जगाला वाटले की हजारो छत्रीधारी उतरले. खरे आकडे वेगळे होते. काम मात्र त्या सातशे जणांनीच केले.

दुसऱ्या दिवशी, १२ डिसेंबरला, उत्तरेकडून जमिनीवरून लढत येणारी भारतीय फौज पूंगलीला पोहोचली. तिच्या आघाडीला होती १ मराठा लाइट इन्फन्ट्री, जंगी पलटण, जी जमालपूरची लढाई मारून आली होती. आभाळातून उतरलेली मूळची तिसरी मराठा आणि जमिनीवरून आलेली पहिली मराठा, एकाच रेजिमेंटच्या या दोन पलटणी परक्या मुलखातल्या एका पुलापाशी भेटल्या. त्या भेटीवर मराठीत एकही नाटक, एकही कादंबरी गाजलेली नाही, याचे वाईट वाटते. १६ डिसेंबरच्या सकाळी २ पॅरा मीरपूरच्या पुलावरून ढाक्यात शिरली. त्या शहरात पाऊल टाकणारी ती पहिली भारतीय पलटण. दुपारी रेसकोर्स मैदानावर शरणागतीवर सह्या झाल्या. पन्नू यांना महावीर चक्र आणि पलटणीला ‘पूंगली ब्रिज’ हा रणसन्मान मिळाला.

स्पेशल फोर्सेसची धारा वेगळीकडून आली. १९६५ च्या युद्धात मेजर मेघ सिंग यांनी निवडक माणसे घेऊन शत्रूच्या मागे घुसून घाव घालणारी ‘मेघदूत फोर्स’ उभी केली. त्या अनुभवातून १९६६ साली ९ पॅरा कमांडो आणि पुढच्या वर्षी १० पॅरा कमांडो या पलटणी आल्या. त्याच युद्धात १ पॅराच्या मेजर रणजित सिंग दयाल यांनी हाजी पीर खिंड घेतली होती. १९८८ साली मालदीवमध्ये बंड झाले तेव्हा आग्र्याहून उडालेली ५० पॅरा ब्रिगेडची माणसे त्याच रात्री तिथे उतरली. हे प्रसंग पुष्कळांना ठाऊक आहेत, म्हणून इथे नुसती नोंद पुरे.

२१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) ही पूर्वीची २१ मराठा लाइट इन्फन्ट्री. १९९० च्या दशकात तिचे रूपांतर झाले. ‘वाघनख’ हे तिचे लष्करातले नाव. ईशान्येचे जंगल हे तिचे कामाचे क्षेत्र. साताऱ्याच्या पोगरवाडीचे, सातारा सैनिक स्कूलचे माजी विद्यार्थी कर्नल संतोष महाडिक हे याच पलटणीचे. ईशान्येतल्या कामगिरीसाठी त्यांना सेना पदक मिळाले होते. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमध्ये कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना त्यांना वीरमरण आले. तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख होते, आणि प्रमुख असूनही शोधमोहिमेत पुढे होते. मरणोत्तर शौर्य चक्र मिळाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी खडतर प्रशिक्षण पुरे करून २०१७ साली सैन्यात अधिकारी म्हणून प्रवेश केला. पोगरवाडीतल्या एका घराने देशाला काय दिले हे सांगायला विशेषणे लागत नाहीत.

याच पलटणीच्या नावाशी एक दुःखद नोंदही जोडलेली आहे, आणि ती वगळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ तिच्या एका कारवाईत कोळशाच्या खाणीतून घरी परतणारे ६ मजूर मारले गेले. त्यानंतर उसळलेल्या संतापात आणखी नागरिकांचे प्राण गेले. सैन्याने खेद व्यक्त केला आणि चौकशी नेमली. ज्या दलाकडे एवढी ताकद सोपवली जाते त्याच्याकडून नेमकेपणाची अपेक्षाही तेवढीच मोठी असते. ज्याचा आपण मनापासून आदर करतो त्याच्याबद्दल अवघड गोष्टही बोलता आली पाहिजे. ओटिंगचे मजूर विसरून महाडिकांची आठवण काढता येत नाही. दोन्ही आठवणी एकाच इतिहासाच्या आहेत.

आठवण टिकते कशी, याचे उत्तर बंगळुरूतच आहे. शहराच्या दक्षिणेला बेगूरला नागेश्वराचे देऊळ आहे. तिथे सापडलेल्या सुमारे इ. स. ८९० च्या वीरगळावर ‘बेंगळुरू’ हे नाव कोरलेले आहे. शहराच्या नावाचा तो सर्वांत जुना ज्ञात उल्लेख. बेंगळुरूच्या लढाईत बुट्टणशेट्टी मारला गेला असे तो दगड सांगतो. या शहराचे नाव इतिहासात प्रथम आले ते लढाईत पडलेल्या माणसाची आठवण म्हणून, आणि अकराशे वर्षांनंतरही त्या माणसाचे नाव आपल्याला घेता येते, कारण कुणीतरी ते दगडात खोदून ठेवले. महाराष्ट्रातही गावोगाव देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. लढणारा वीर, त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, शेवटी शिवलिंगाची पूजा, सगळे त्यावर आहे. बहुतेकांवर नाव मात्र नाही. शेंदूर लावून आपण त्यांना देव केले आणि माणूस हरवला.

आजच्या सैनिकांच्या बाबतीत तसे होऊ देता कामा नये. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे, कोल्हापूर जिल्ह्यातली सैनिक टाकळी, बेळगाव-खानापूर-निपाणीचा सीमाभाग, चंदगड-गडहिंग्लजचे तालुके, इथल्या घराघरांत सैन्यातून आलेली माणसे आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या छातीवर एकेकाळी पंख होते. टांगाइलला उडी घेतलेला विशीतला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण तो आपण होऊन सांगणार नाही. सैनिकाला बढाई शिकवलेली नसते.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुढची पाने वाचताना नावांवरून, तारखांवरून, गावांवरून घाईने पुढे सरकू नका. या पुस्तकाचा जीव त्यांतच आहे. आणि वाचून झाल्यावर आपल्या गावातल्या, नात्यातल्या माजी सैनिकाकडे जा. त्याची पलटण कोणती, तो कुठे कुठे होता, त्याच्या बरोबरीचे कोण परत आले नाहीत, हे विचारा आणि लिहून ठेवा. डिस्चार्ज बुक, पत्रे, छायाचित्रे, पदके रद्दीत किंवा मोडीत जाऊ देऊ नका. वीरपत्नीचे निवृत्तिवेतन कागदपत्रांअभावी अडले असेल तर तिच्याबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ज्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून विमानाच्या दारातून बाहेर पाऊल टाकले, त्यांच्यासाठी एवढे करणे हे आपले कर्तव्य आहे.